गोसलिन आचार्यांचा लांब डाव

१ ऑक्टोबर १३२९, संत रेमीचा सण

एकदाचा पोचलो. कोर्बीहून पॅरिसला कातड्यांच्या गाडीत बसून पाच दिवसांनी आलो, त्यामुळे अंगाला असा वास लागलाय की बोद्रीने दारातच नाक दाबलं. बोद्री हा माझा खोलीतला सोबती. नॉर्मंडीचा आहे, गाल लाल, आवाज मोठा, आणि जिभेला हाड नाही. माझे बाबा लिहिण्यासाठी कातडी तयार करतात हे कळल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, की वासरांबरोबर तुझ्या बापाने तुलाही चुन्यात भिजवून खरवडला होता का. मी म्हटलं, हो, म्हणून तर एवढा गोरा निघालो. तो खो खो हसला आणि खिडकीकडचा बिछाना मला देऊन टाकला.

हे संत ओनोरिनचं घर, म्हणजे आमचं राहायचं आणि शिकायचं ठिकाण, टेकडीच्या उतारावर आहे. आम्ही बारा विद्यार्थी. वर आचार्य गोसलिन, ज्यांच्यासाठी मी इथे यायचा हट्ट धरला होता. वय सत्तरीच्या पुढे, पाठ वाकलेली, पण नजर अशी की समोरच्याचा मुद्दा तो बोलायच्या आधीच त्यांना दिसलेला असतो. त्यांच्या हाताखाली उपाचार्य रेनिए. उंच, सावकाश बोलणारे, नियमाच्या बाहेर एक पाऊल न टाकणारे. आल्याआल्या त्यांनी मला घराची नियमावली वाचायला लावली आणि मी पान उलटायची घाई केली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला सांगितली.

कपडे धुणारी पेरोनेल नावाची बाई आहे. तिचं कोणतंही वाक्य 'मेल्या' या शब्दाशिवाय सुरू होत नाही. मेल्या, पाय पूस. मेल्या, सदरा काढ, गाडीभर वास मारतोय. घरात सगळे लॅटिनमध्ये बोलतात, एवढी एकटीच आपल्या भाषेत बोलते, त्यामुळे तिच्या शिव्या ऐकून बरं वाटलं.

बाबा, ही पानं तुमच्यासाठी. तुम्ही दिलेला सदोष कातड्यांचा गठ्ठा समोर आहे. भोकं पडलेली, कडा वाकड्या झालेली, कुणी विकत घेतली नसती अशी. रोज काहीतरी लिही, नाताळात आलास की पाद्रीबाबांकडून वाचून घेईन, असं तुम्ही म्हणालात. जन्मभर लोकांना लिहायला कातडी पुरवली आणि स्वतःला एक अक्षर येत नाही, याचं तुम्हाला वाटत नाही तेवढं वाईट मला वाटतं. जेवायला वाटाण्याचं कढण आणि खारा मासा होता. मी दोनदा घेतलं.

३ ऑक्टोबर

वर्गात जमिनीवर पेंढा पसरलेला असतो आणि आम्ही त्यावर बसतो. सकाळी थंडी असते, पण वादाला सुरुवात झाली की कळत नाही. एकाने मत मांडायचं, दुसऱ्याने ते पाडायचं, आणि शेवटी आचार्यांनी निवाडा द्यायचा. बोद्री पाडण्यात पटाईत आहे. मला वाटतं मी मांडण्यात पटाईत आहे. असं स्वतःच लिहू नये, पण बाबांना आवडेल.

५ ऑक्टोबर

आजचा दिवस सोन्याचा. विषय होता की माणसात आत्मा एक असतो की तीन. झाडाला वाढवणारा आत्मा असतो, जनावराला वाढवणारा आणि जाणणारा, आणि माणसाला शिवाय विचार करणाराही. मग माणसात हे तीन वेगवेगळे आत्मे एकावर एक ठेवलेले असतात की एकच आत्मा तिन्ही कामं करतो? कोर्बीचे आमचे जुने गुरुजी तीन म्हणायचे. बोद्रीही तीन म्हणाला.

मी उठलो आणि म्हटलं की माझे बाबा कातडी भिजवतात, खरवडतात आणि ताणतात. तीन कामं येतात म्हणून ते तीन माणसं होत नाहीत. घरी आई तीन ताटं वाढत नव्हती. सगळा वर्ग हसला. गोसलिन आचार्यही हसले आणि त्यांनी हळूच विचारलं, की बरं, तुझे बाबा दुकानातून उठून गेले तर या तीनपैकी कोणतं काम चालू राहील. मी म्हटलं, एकही नाही. ते म्हणाले, छान, हे विसरू नकोस.

बाबा, तुमचं नाव आज पॅरिसमध्ये गाजलं.

८ ऑक्टोबर

आचार्यांनी मला लांब डावासाठी निवडलं आहे. येऊन आठवडाच झाला आणि ही संधी. बोद्री दोन वर्षं वाट बघतोय. त्याने अभिनंदन केलं, पण तोंड वाकडं करून.

डाव असा असतो. आचार्य एक गोष्ट गृहीत धरायला सांगतात. ती खोटी असते, सगळ्यांना माहीत असतं की खोटी आहे. पण एकदा 'मान्य' म्हटलं की तिच्यापासून जे जे निघेल ते मान्य करायचं आणि तिच्याविरुद्ध जाईल ते अमान्य करायचं. ज्याचा गृहीताशी संबंध नाही, त्याचं उत्तर खरंखुरं द्यायचं. कुणीही प्रश्न विचारू शकतो. उत्तर देणाऱ्याच्या तोंडून एकदा जरी विसंगत उत्तर आलं तरी तो हरला. नाहीतर डाव मांडणारा 'वेळ संपली' म्हणतो आणि सगळं जिथल्या तिथे येतं. इतर घरांत हा खेळ तासाभरात आटोपतो. आमच्या घरात तीन दिवस चालतो, वर्गात, जेवणाच्या टेबलावर, जिन्यावर, कुठेही. तीन दिवस टिकलो तर सात वर्षांसाठी इथली जागा माझी. बाबांना पुन्हा माझ्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागणार नाही.

९ ऑक्टोबर, संत देनीचा सण

आज प्रार्थनेनंतर डाव मांडला. गोसलिन आचार्य उभे राहिले आणि म्हणाले, गृहीत असं की या फिर्मिनच्या देहात विचार करणारा आत्मा नाही. फिर्मिन म्हणजे मी. मी म्हटलं, मान्य. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

दिवसभर धमाल आली. बोद्रीने माझ्या ताटातला मासा उचलला आणि म्हणाला, आत्मा नसलेल्याचं काही नसतं, मग हा मासा चोरला असं म्हणता येईल का. मी म्हटलं, माशाचा गृहीताशी संबंध नाही, आणि मासा माझा आहे. आचार्यांनी निवाडा माझ्या बाजूने दिला. मासा परत आला तेव्हा अर्धा झाला होता.

पेरोनेलला खेळ समजावून सांगितला. ती म्हणाली, मेल्या, आत्म्याची थट्टा करू नये, माझ्या आजोळी एकाने केली होती. पुढे काय झालं ते मात्र तिने सांगितलं नाही, कारण कपड्यांचं पाणी उतू जात होतं.

१० ऑक्टोबर

दुसरा दिवसही टिकलो. आज प्रश्न जड होते. आत्मा नसलेल्या देहाला स्वतःची इच्छा असते का? अमान्य. कारण इच्छा विचार करणाऱ्या आत्म्याचीच असते. असा देह हसतो का? अमान्य. कारण जगात फक्त माणूस हसतो आणि तो विचार करतो म्हणूनच हसतो. आचार्य खूश होते.

जेवताना बोद्रीने रेनिए आचार्यांची नक्कल केली. कढणाच्या वाटीसमोर हात जोडून तो विचारत होता, की कढणा, तू पातळ आहेस हे तुला मान्य आहे की अमान्य. सगळे पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. नक्कल हुबेहूब होती हे कळत होतं, पण हसू आलं नाही. थकलो असेन.

११ ऑक्टोबर

दुपारच्या घंटेला डाव संपायचा होता. मी सगळ्यांची उत्तरं दिली, एकही चुकलं नाही. घंटा झाली. गोसलिन आचार्य उठले, माझ्याकडे बघून हसले, तोंड उघडलं आणि तसेच बाजूला कोसळले. तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती. चार जणांनी त्यांना उचलून खोलीत नेलं. ते शुद्धीवर आहेत, माणसं ओळखतात, पण जीभ गेली आहे आणि उजवा हात गेला आहे.

फार वाईट वाटलं. ते माझ्यावर माया करत होते.

१२ ऑक्टोबर

रेनिए आचार्यांनी बोलावलं. नियमावली पुढ्यात उघडी होती. म्हणाले, डाव मांडणाऱ्यानेच तो तोंडाने सोडवायचा, दुसऱ्या कुणाला अधिकार नाही. आचार्य बरे होईपर्यंत थांबावं लागेल. नाहीतर तू मुद्दाम चूक कर आणि हर. जागा मात्र जाईल. ते हे सगळं मनापासून सांगत होते, त्यांना माझी काळजी वाटत होती.

मी म्हटलं, थांबतो. दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे.

१३ ऑक्टोबर

आज एक चूक केली आहे असं वाटतंय. रेनिए आचार्यांनी वर्गात सगळ्यांसमोर विचारलं, की माणसात आत्मा एक की तीन. प्रश्न विचारून ते माझ्याकडे असे बघत होते की जणू डोळ्यांनी उत्तर सुचवत होते. तीन म्हण. तीन म्हटलंस तर विचार करणारा नसला तरी जाणणारा आणि वाढवणारा तुझ्याकडे उरतील. मला ते कळलं. पण बोद्री समोर बसून गालात हसत होता. सगळ्यांना माझे बाबा आणि त्यांची तीन कामं आठवत होती. मी म्हटलं, एक.

रेनिए आचार्यांनी डोळे मिटले. मग नियमाप्रमाणे पुढचं विचारणं त्यांना भागच होतं. एकच असेल आणि तो नसेल, तर या देहाला वेदना होतात का? अमान्य.

१४ ऑक्टोबर

सदरा द्यायला धुण्याच्या ओट्यावर गेलो होतो. तिथे उभा राहून पेरोनेलशी बोलत होतो. ती एकदम किंचाळली की मेल्या, हात काढ. माझा डावा हात राखेच्या उकळत्या पाण्यात मनगटापर्यंत होता. केव्हापासून होता ते माहीत नाही. कातडी सुटली आहे. दुखत नाही.

तिने तूप लावून पट्टी बांधली. बांधताना रडत होती. मी सगळं सांगितलं. तिने कमरेवर हात ठेवले, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, वेळ संपली. झालं? आता जा, खेळ संपला. मी हाताला चिमटा काढला. काही नाही. ती म्हणाली, एवढी शिकलेली डोकी आणि दोन शब्दांसाठी अडून बसलीत.

१५ ऑक्टोबर

आज हरायचं ठरवलं. जागा गेली खड्ड्यात. वर्गात सगळ्यांसमोर उभा राहिलो. रेनिए आचार्यांनी मुद्दाम सोपा प्रश्न विचारला, की या देहात विचार करणारा आत्मा आहे का. मला 'मान्य' म्हणायचं होतं. एवढा एक शब्द. माझ्या तोंडून 'अमान्य' आलं.

पुन्हा विचारलं. पुन्हा अमान्य. सात वेळा. सातव्या वेळी मी दोन्ही हातांनी जबडा धरला होता.

नंतर पायरीवर बसल्यावर लक्षात आलं. दहा तारखेला मी इच्छा अमान्य केली आहे. हरण्यासाठी हरायची इच्छा लागते.

१८ ऑक्टोबर, संत लूकचा सण

गोसलिन आचार्यांना भेटलो. मला पाहून त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांना सगळं ठाऊक आहे. ओठ हलवत होते. 'वे' एवढं आलं. मग नुसता वारा. मी त्यांचे पाय धरले आणि म्हटलं, आचार्य, सावकाश, मी थांबतो. पुन्हा 'वे'. कपाळाच्या शिरा फुगल्या. रेनिए आचार्यांनी मला बाहेर काढलं, म्हणाले, तू असा समोर बसलास तर ते आजच जातील.

मी त्यांना विनवलं की तुम्ही त्यांच्या वतीने म्हणा. त्यांनी म्हटलं. त्यांनाही माझ्यासाठी नियम मोडावा लागला, एवढं झालं. काही फरक पडला नाही.

२० ऑक्टोबर

तीन दिवस जेवलो नाही. भूक लागत नाही. परवा रेनिए आचार्यांनी भुकेबद्दल विचारलं होतं. त्यांचं म्हणणं असं की प्रश्न विचारत राहिलं तर कुठेतरी मी स्वतःच्या विरुद्ध बोलेन आणि डाव मोडेल. म्हणून रोज येतात, समोर बसतात, घाम पुसतात आणि विचारतात. मी फार चांगली उत्तरं देतो. प्रत्येक उत्तरानंतर एकेक दार लागतं आणि ते दार मीच लावतो.

नखं वाढत नाहीत. बोद्रीने दाढी करून पंधरवडा झाला, त्याची वाढली आहे. माझी नाही.

२१ ऑक्टोबर

पापांची कबुली द्यायला गेलो. घराच्या पाद्र्यांनी हात वर केला आणि खाली घेतला. म्हणाले, बाळा, आत्मा नाही असं तूच मान्य केलंस. मी क्षमा कशाला देऊ?

मग भीती कुणाला वाटते? भीती वाटण्यासाठीही आत्मा लागतो. मला तर वाटते. भीतीबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही. विचारावं असं वाटतं, विचारू नये असंही वाटतं.

२३ ऑक्टोबर

कोर्बीला चालत निघायचं ठरवलं. गठ्ठा काखेत मारला. कुणाला सांगितलं नाही. जिन्यात बोद्री भेटला. त्याला वाटलं मी फिरायला चाललोय, माझं मन रमवावं. नेहमीसारखा हसत म्हणाला, काय रे कातड्या, आत्मा नसलेला देह आपल्या आपण चालतो का?

अमान्य.

पाय जिथे होते तिथे राहिले. एक वरच्या पायरीवर, एक खालच्या. बोद्रीने मला हलवलं, मग ओढलं, मग पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला. म्हणत होता, मी गंमत केली, तुझ्या गळ्याची शपथ, मी गंमत केली. चौघांनी मला उचलून बिछान्यावर आणलं. चुकलं तेही, पण त्याचा काय दोष. आम्हाला सवयच आहे. कुणी विचारलं की आम्ही उत्तर देतो.

पेरोनेल वर आली. म्हणाली, कोर्बीकडे गाडी निघते आहे, तुझ्या बापाला निरोप धाडते, पोराला घेऊन जा म्हणून. इथल्या कुणालाही विचारणार नाही. तिने आज 'मेल्या' म्हटलं नाही.

२६ ऑक्टोबर

गाडी पोचायला पाच दिवस. बाबा लगेच निघाले तर यायला पाच. दोन-तीन नोव्हेंबर.

डोळे आहेत. कान आहेत. जीभ आहे. उजवा हात आहे. या चारांबद्दल कुणी विचारू नये एवढंच —

रेनिए आचार्यांना विनवून सांगितलं की आता विचारू नका. ते म्हणाले, मुला, मग तुला सोडवू कसा? मला दुसरं काही येत नाही.

२८ ऑक्टोबर

घंटा. गोसलिन आचार्य गेले.

बोद्री सांगतो की शेवटपर्यंत ते 'वे, वे' करत होते. शेवटच्या श्वासाला 'वेळ' म्हणाले. पूर्ण म्हणाले. मग —

आता ते दोन शब्द म्हणू शकणारा कुणीही नाही.

३० ऑक्टोबर

रेनिए आचार्य धावत आले. इतक्या दिवसांत त्यांना धावताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, सापडलं. तू उत्तर देतोस म्हणजे बोलतोस. आता सांग, आत्मा नसलेला देह बोलतो का? 'मान्य' म्हटलंस तर गृहीताशी विसंगत. 'अमान्य' म्हटलंस तर म्हणताना बोललास, म्हणजे तेही विसंगत. सुटलास.

मलाही आशा वाटली. खरंच होतं. सुटलो.

अमान्य, म्हणालो.

तो शेवटचा शब्द. त्यानंतर आवाज नाही. विसंगती नाही. बोललो होतो तेव्हा बोललो होतो, आता बोलत नाही. हवेतला शब्द हवेत गेला. ते भिंतीला टेकून खाली बसले —

२ नोव्हेंबर, मृतात्म्यांचा दिवस

पेरोनेलने काल नाकाशी पीस धरलं. हललं नाही. श्वासाबद्दल कुणी विचारलं होतं की नाही, आठवत नाही. तिने माझे डोळे मिटले. पापण्यांखालून थोडं दिसतं. क्रूस केला आणि म्हणाली, गेलं लेकरू. तिलाही मी मेलोच वाटलो.

बोद्रीने माझी लेखणी बोटांत ठेवली, पानं आणि शाईचं शिंग उशाशी. म्हणाला, विद्यार्थी आहे, लेखणीसकट जाऊ दे. त्यामुळे लिहितो आहे. लेखणी बोटांत असली की हात हलतो. लिहिण्याबद्दल विचारायचं सगळ्यांचं राहून गेलंय.

बोद्रीला दाखवावं का? तो आनंदाने ओरडत रेनिए आचार्यांकडे जाईल. आणि ते विचारतील.

कुणी आलं की थांबतो.

३ नोव्हेंबर

बाबा आले.

दार उघडून उभे राहिले. हातांना चुन्याचा वास. माझ्याजवळ बसले. हात हातात घेतला — लेखणी खाली पडली. दाबावं, एकदा दाबावं. बोटं हलली नाहीत. बाबा म्हणाले, एवढा गार कसा रे झालास. मग म्हणाले, आईशेजारी ठेवतो तुला. उद्या सकाळी गाडी लावतो.

जाताना त्यांनी लेखणी उचलून पुन्हा माझ्या बोटांत दिली. कुणाची वस्तू कुठे असावी हे त्यांना कळतं.

बाबा — हे पान वरच ठेवतो. छातीवर. पाद्रीबाबांकडून वाचून घ्या. गाडीत चढवायच्या आधी, खड्डा खणायच्या आधी. मी आहे. आत आहे. मातीत ठेवू नका. मातीत ठेवलं तरी मी असेन, कारण मरण्याबद्दल कुणी विचारलेलं नाही. किती वर्षं ते मला —

४ नोव्हेंबर, सकाळ

खाली गाडी. बाबांचा आवाज. बैलाला काहीतरी बोलताहेत.

घाईत लिहितो. बाबा, पाद्रीबाबा, जो कुणी वाचेल तो. प्रश्न विचारू नका. फक्त घरी न्या. चुलीपाशी ठेवा. काहीही विचारू नका —

बोद्री आत आला होता. दिसलाच नाही मला. आत्ताच लिहिलेलं छातीवरचं पान उचललं. शाई ओली होती, त्याच्या बोटाला लागली. बोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ओरडत गेला, जिवंत आहे, लिहितोय, जिवंत आहे. किती आनंद होता त्याच्या आवाजात. थांब रे —

बाबांनी ऐकलं. जिन्यावर पावलं. बाबांची, जड.

दारात रेनिए आचार्य. आधी पोचले. हातात ते पान. हसताहेत. रडताहेत. म्हणतात, हे हवेत विरणार नाही, मुला, हे कातड्यावर आहे, पुसता येणार नाही, आता विसंगती पक्की, आता सुटलास —

नको. वाचा आधी. आचार्य, इकडे बघा, हे वाचा, विचारू नका, बाबा शेवटच्या पायरीवर आहेत, दोन पावलं, विचा

विचारलं.

उत्तर तोंडाने देता येत नाही. हात देतो आहे. हात थांबत नाही. बाबा, मी नाही हे लिहीत, मला हे लिहायचं ना

अमान्य. आत्मा नसलेला देह लिहू शकत ना